हरणीच्या पोटाखालची जमीन

परसात कुत्र्यासाठी जमिनीवर काय घालावं, असं कुणालाही विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'लॉन लावा.' पुण्यात-कोल्हापुरात ते चालतही असेल. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. शिवाय नळाला रोज पाणी येत नाही. या तिन्ही गोष्टी धरून विचार केला तर अख्ख्या परसात हिरवळ हा पर्याय आमच्यापुरता तरी बाद होता. मग काय करायचं, हे ठरवता ठरवता एक उन्हाळा गेला आणि त्यानंतरचा पावसाळा प्रत्यक्ष कामात गेला. ते सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखी काळी जमीन आणि उघडं ऊन असलेली घरं जुळे सोलापुरात, होटगी रोडला, विजापूर रोडला शेकड्यांनी आहेत आणि त्यातल्या कित्येक घरांत आता कुत्री आहेत.

आमचं परस घराच्या पश्चिमेला, साधारण सहाशे चौरस फुटांचं. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक मोठा कडुनिंब, बाकी सगळं उघडं. कुत्री दोन. हरणी ही कारवानी जातीची, लांब पायांची, अंगावर चरबी नाही आणि केसही अगदी आखूड. काळ्या हा देशी, गल्लीतूनच घरात आलेला. जमीन अस्सल काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पळत्या कुत्र्याचा पंजा आत अडकावा, आणि पाऊस पडला की तीच माती पंजाला चिकटून बोटांच्या मध्ये गोळे धरते. ते गोळे वाळले की दगडासारखे कडक होतात आणि कुत्रं लंगडायला लागतं. त्यामुळे मातीवर काहीतरी घालणं भागच होतं.

काहीही विकत आणण्याआधी मी एकच केलं. कुत्री कुठल्या वेळी कुठे असतात ते बघत राहिले आणि वहीत परसाचा कच्चा नकाशा काढून त्यात खुणा करत गेले. माझा सगळ्यात जास्त भरवसा आजही त्याच वहीवर आहे. सकाळी उन्हं कोवळी असताना दोघंही मधल्या उघड्या जागेत लोळायची. गल्लीतून कुणी गेलं की हरणी पश्चिमेच्या कंपाउंडला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची, तिथे पायवाटच पडली होती. काळ्या पाय वर करायचा तो ठरलेल्या एका कोपऱ्यात. हरणी मात्र मधल्या मोकळ्या जागेत बसून लघवी करायची. आणि दुपारी दोनच्या सुमाराला दोघांच्या दोनच जागा. एक कडुनिंबाखाली, दुसरी धुणं धुवायच्या दगडाशेजारी, जिथे पाणी सांडून जमीन सदा ओली असते.

कडुनिंबाखाली हरणी काय करते ते जवळ बसून बघण्यासारखं आहे. आधी नाक जमिनीला लावून जागा हुंगते. मग पुढच्या दोन्ही पायांनी वरची तापलेली माती मागे उडवते, वीतभर खोल गेली की थांबते आणि त्या खळग्यात पंजा ठेवून बघते. तिथली माती गार लागली नाही तर आणखी दोन-चार फराटे मारते. नंतर गोल फिरून पोट बरोबर त्या खळग्यात टेकवते आणि मागचे पाय बेडकासारखे पसरते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून, जीभ बाहेर काढून आणि गार जागेला पोट टेकवूनच ते अंगातली उष्णता घालवतं, कारण पोटावर आणि जांघेत केस विरळ असतात. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. ते 105-106 च्या पुढे गेलं की उष्माघाताने जिवावर बेतू शकतं. म्हणजे हरणी खड्डे करते ती खोडी म्हणून नाही, तिला गार जमीन हवी असते. हे एकदा लक्षात आल्यावर 'कुत्र्याने उकरू नये म्हणून काय घालू?' हा प्रश्न मी सोडून दिला आणि उकरायला चांगली जागा कशी करून देता येईल ते बघायला लागले.

सावलीबद्दल आधी सांगते, कारण जमिनीवर काहीही घाला, वर सावली नसेल तर पैसे वाया. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. काठी उभी केली तर तिची सावली तिच्या बुडाशीच राहते. त्या दिवसांत भिंतीची, कंपाउंडची सावली दुपारी बारा-साडेबाराला नसतेच. झाडाचा पसारा नाहीतर डोक्यावर छप्पर, एवढंच कामाचं. आमच्याकडे कडुनिंब होता म्हणून बरं. मागच्या दारापुढे आम्ही पत्र्याचं छप्पर वाढवलं आणि पत्र्याखाली हातभर अंतर सोडून शेडनेट बांधलं, नाहीतर पत्राच तापून खाली धग टाकतो.

माझा चुलतभाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे. तिथे यंत्रं किती तापली ते लांबून मोजायचं एक इन्फ्रारेड थर्मामीटर असतं. ते त्याने एका रविवारी आणून दिलं. भर दुपारी आम्ही परसात, गच्चीवर, शेजारच्या पार्किंगमध्ये जिथे तिथे ते रोखून बघितलं. उन्हातली शहाबादी फरशी साठीच्या आसपास. सिमेंटचे पेव्हर ब्लॉकही तसेच, आणि ते रात्री जेवणं झाल्यावरसुद्धा कोमट लागत होते. उन्हातली काळी कोरडी माती त्यांच्या मागोमाग. शेजाऱ्यांच्या दारापुढच्या पाणी घातलेल्या हरळीचा तुकडा मात्र चाळिशीच्या आतबाहेर, आणि कडुनिंबाखालची ओली माती त्याहूनही गार. तीच शहाबादी पत्र्याखाली सावलीत होती तिथे हाताला चक्क थंड वाटत होती. ज्यांच्याकडे असं यंत्र नाही त्यांनी हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सात-आठ सेकंद धरून बघावी. धरवत नसेल तर ती जमीन कुत्र्याच्या पंजाच्या गादीलाही भाजते.

त्याच दिवशी कृत्रिम हिरवळीचा निकाल लागला. दुकानातून हातरुमालाएवढा नमुना आणला होता. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, पाणी नको, कापणी नको, चिखल नाही. एकदा टाकलं की दहा वर्षं बघायला नको." नमुना तासभर उन्हात ठेवला आणि आकडा सत्तरीवर गेला. परसातली सगळ्यात तापलेली वस्तू तीच. खरं गवत पानांतून पाणी बाहेर टाकतं आणि ते पाणी उडताना पानं गार राहतात. प्लॅस्टिकच्या पात्यात उडून जायला पाणीच नसतं, ते नुसतं तापत राहतं. त्यावर पाणी मारलं की थोडा वेळ उतरतं आणि पुन्हा चढतं. वर लघवी खालच्या थरात मुरते, ती धुवायला पाणी लागतंच, आणि उन्हात त्याचा जो वास सुटतो तो एका ओळखीच्या घरी मी घेतलेला आहे. सोलापूरच्या उन्हात कुत्र्यासाठी कृत्रिम हिरवळ घालू नये, असं मी कुणालाही ठामपणे सांगेन. बाल्कनीत सावलीला घालायची असेल तर गोष्ट निराळी.

शहाबादी आम्हाला सगळ्यात सोपी होती. कलबुर्गीच्या पुढे शहाबाद, सोलापुरातून रेल्वेने काही तासांचा रस्ता, त्यामुळे ही फरशी इकडच्या घराघरांत आहे आणि परवडते. पण थर्मामीटरने दाखवल्याप्रमाणे तिचा गुण सावलीतच. म्हणून ती फक्त पत्र्याखालीच ठेवली, पॉलिश न केलेली, खरबरीत. गुळगुळीत फरशी ओली झाली की धावत आलेलं कुत्रं घसरतं, आणि हरणीसारख्या लांब पायांच्या जातीला घसरणं परवडत नाही.

खडीचाही विचार झाला. क्रशरची खडी धारदार असते, बोटांच्या मधल्या नाजूक कातडीला कापते. नदीतले गोल गोटे बरे, पण तेही तापतात. शिवाय काळ्याला दगड तोंडात धरायची सवय आहे आणि गिळलेला दगड आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. खडी बाद.

मग आच्छादनं. आमच्याकडे ती फुकट मिळण्यासारखी होती. माझा धाकटा भाऊ मंगळवेढ्याला शेती करतो, तो म्हणाला, कडब्याची कुट्टी देतो, उसाचं पाचट देतो. ओळखीच्या चटणीवाल्यांकडून भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पोत्याने मिळाली असती. दिसायला टरफलांचा थर छान, पायाला मऊ, सावलीत गारही. पण शेंगा आणि त्यांची टरफलं ओलसर राहिली की त्यावर बुरशी धरते, आणि त्यातल्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. कुत्र्याचं यकृत त्याने निकामी होतं. टरफलांत दाणा राहिलेला असतो, कुत्री तो हुंगून हुंगून खातात. मी ती पोती परत केली. पाचटाला आणि कुट्टीला महिनाभरात खालून वाळवी लागली, शिवाय पाचटाच्या पात्याची कड कापते. कडुनिंबाचा पडलेला पाला मात्र मी झाडाखाली पसरू देते. निंबोळ्यांच्या दिवसांत तेवढ्या झाडून घ्याव्या लागतात, नाहीतर काळ्या त्या खातो आणि त्याचं पोट बिघडतं.

राहिली रोपं. नर्सरीवाले एकेक दाखवत गेले आणि मी प्रत्येकाची थोडी थोडी रोपं आणून दाराच्या फळीएवढे वाफे केले. होळीनंतर लगेच, म्हणजे ऊन वाढत जाताना काय होतं ते कळावं. सगळ्यांना पाणी सारखंच. कुत्र्यांना अडवलं नाही.

वेडेलिया, पिवळ्या फुलांची, रस्त्याच्या दुभाजकात दिसते ती. रुजली पटकन, पण तिचे देठ रसरशीत आणि ठिसूळ. हरणी एकदा वळली की मूठभर देठ मोडायचे, आणि पाण्याची पाळी चुकली की सगळा वाफा मान टाकायचा. कोरियन लॉन दिसायला सगळ्यात देखणं, दाट, गादीसारखं. पण ते वाढतं फार सावकाश. जिथे उकरलं तिथे मे संपला तरी भोक तसंच. घरात कुत्रं नसतं तर मी तेच लावलं असतं. जलपिंपळी ही तळ्याकाठी, ओढ्याकाठी आपोआप पसरणारी वेल, बारीक पांढरी-जांभळट फुलं येणारी. ती भावानेच ओढ्याकाठून आणून दिली. तिने मला चकित केलं. जमिनीला चिकटून पसरली, गाठीगाठीला मुळं धरली, तुडवलेली सोसली, कमी पाण्यावर तगली. अडचण एकच. फुलांवर मधमाश्या येतात आणि हरणी माशीच्या मागे तोंड घालते. त्यामुळे ती पळायच्या वाटेवर नको, कडेला चालेल.

आणि चौथी हरळी. साधी, देवाला दूर्वा म्हणून वाहतो तीच. भाऊ वाफा बघून म्हणाला, "अक्का, आमी रानातनं हरळी काढून काढून कट्टाळलाव, अन् तू ती मुद्दाम लावतीस व्हय?" त्याचं म्हणणं खरंच आहे. काळ्या रानात हरळी शिरली की तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, हातभर खाली जातात आणि नांगरटीने तुटला तो तुकडाही नवा फुटतो. पण शेतकऱ्याला जे नको असतं तेच कुत्रेवाल्याला हवं असतं. उकरलेल्या जागी वरून आडव्या फुटव्यांनी आणि खालून काशांनी ती परत भरून येते. कडक उन्हात पाणी तुटलं तर वरून पिवळी पडते, मरत नाही, पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. बोअरचं क्षारयुक्त पाणीही ती इतर गवतांपेक्षा जास्त सोसते. फक्त तिला ऊन पाहिजे. झाडाच्या दाट सावलीत हरळी विरळ होत जाते आणि शेवटी नुसती माती उरते. भावाला मी एवढंच सांगितलं की फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेने शहाबादीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडते, तिकडे शिरू देत नाही. तो म्हणाला, "बघ, वीतभरानं काय हुतंय." म्हणून मी ते दीड वीत गाडले.

पाण्याचा हिशेब मांडल्यावर हरळीलाही किती जागा द्यायची ते ठरलं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला रोज पाच मिलिमीटर धरले तर सहाशे चौरस फुटांना, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न चौरस मीटरना, रोज पावणेतीनशे लिटर लागतात. एवढं पाणी इथे गवताला घालणं मला पटतच नाही. दीडशे चौरस फुटांना सत्तर लिटर, साडेतीन-चार बादल्या. कपडे विसळल्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी त्याला पुरतं, आणि हरळीला एक दिवसाआड दिलं तरी चालतं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र मी काळ्या जमिनीत सोडत नाही. त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि जमीन हळूहळू चोपण, म्हणजे क्षारट आणि घट्ट होते.

अशा रीतीने नकाशातल्या खुणांनीच परस वाटून दिलं. मधल्या उघड्या जागेत, जिथे सकाळी लोळायचं असतं, तिथे हरळी. कंपाउंडलगतच्या पळायच्या पट्ट्यात मुरूम. कडुनिंबाखाली वाळू. धुण्याच्या दगडाभोवती जलपिंपळी, कारण तिला ओल आवडते. पत्र्याखाली शहाबादी.

मुरमाचं काम सासूबाईंनी हातात घेतलं. त्यांचं माहेर माळवदाच्या घरातलं, अंगण कसं धरायचं हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. गवंडी रोलर मागवतो म्हणत होता. त्या म्हणाल्या, "रोलर राहू दे, आधी मुरूम चाळून घे." वरची काळी माती वीतभर काढली, कारण काळ्या मातीवर थेट मुरूम टाकला तर ती फुगते-आकसते आणि मुरूम खाली गिळून टाकते. खाली जाड मुरूम, वर चाळलेला बारीक. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी धुम्मस, म्हणजे जमीन चोपायचं जड ठोकणं, मारायचं. फार ओलं असताना मारलं तर धुम्मसाला चिकटून येतं, कोरडं असताना मारलं तर नुसता धुरळा. सासूबाई मूठभर मुरूम घेऊन वळायच्या. लाडू बांधला गेला आणि हाताला ओल लागली नाही की म्हणायच्या, "आता मार." पन्हाळीच्या तोंडाकडे बोटभर उतार ठेवला. हा पट्टा पावसात चिखल धरत नाही, नखं आपोआप घासली जातात, आणि काळ्याच्या कोपऱ्यातली लघवी खाली झिरपते. उन्हात मुरूमही तापतो, पण त्या वेळी तिथे पळायला कुणी नसतं. उन्हाळ्यात अकरापासून पाचपर्यंत दोघं पत्र्याखाली नाहीतर कडुनिंबाखाली. संध्याकाळी सडा मारला की धूळ बसते.

कडुनिंबाखालच्या वाळूसाठी नवी नदीची वाळू घेणं खिशाला झेपणारं नव्हतं आणि नदीलाही. क्रश सँडचे कण टोकदार, त्यात भुकटीही फार. शेजारच्या बांधकामातली उरलेली जुनी वाळू मिळाली, ती चाळून, धुऊन घेतली. झाडाची मोठी मुळं न दुखवता फूटभर खोल चौकोन, तळाला जाड मुरूम, कडेला दगड. सकाळी दोन-तीन तांबे पाणी शिंपडून ठेवलं की दुपारपर्यंत आतून ओल टिकते. हरणीने पहिल्याच आठवड्यात बाकीचे सगळे खड्डे सोडून दिले. वाळूत मांजरं घाण करतात, म्हणून रात्री त्यावर जुनी सोलापुरी चादर दगडांखाली दाबून अंथरते. आणि वाळूवर खाणं ठेवत नाही, कारण अन्नाबरोबर गेलेली वाळू पोटात साठते.

हरळी लावली ती मृगाचे एक-दोन बरे पाऊस झाल्यावर. तिच्या फुटव्यांचे तीन-चार पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर टोचले, जाळीने कुंपण केलं आणि जमीन झाकली जाईपर्यंत कुत्र्यांना आत सोडलं नाही. श्रावण सरता सरता जाळी काढली.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण ती बऱ्याच कुत्रेवाल्यांना ठाऊक नसते. लागवडीच्या वेळी माळीबुवा दोन पिशव्या घेऊन आले. एकात पेंड, दुसऱ्यात वाळवीसाठी दाणेदार औषध. पेंड कसली विचारलं तर म्हणाले, "एरंडीची हाय ताई, झाडं लई जोमात येत्यात." एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचं विष असतं. कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ती माती उकरून पेंड खातात, आणि उलट्या-जुलाब होऊन कुत्री दगावल्याची उदाहरणं पशुवैद्यांच्या अनुभवात आहेत. हाडांच्या भुकटीचंही तसंच, तिच्या वासाने कुत्रं वाफाच्या वाफा उपसतं. दुसऱ्या पिशवीतलं फोरेट नावाचं कीटकनाशक निघालं, जे देशात 2020 च्या अखेरीस बंद झालेलं आहे आणि ज्याचे थोडेसे दाणेही कुत्र्याला मारायला पुरतात. माळीबुवांचा हेतू चांगलाच होता, त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. दोन्ही पिशव्या परसात उघडल्याच नाहीत. आम्ही पूर्ण कुजलेलं शेणखत वापरलं, तेही मातीत नीट मिसळून. ताजं शेण असेल तर काळ्या त्यात लोळतो आणि खातोही.

याच निमित्ताने परसातली झाडंही तपासली. कण्हेर आणि बिट्टी आधीच्या मालकांनी लावलेली, दोन्ही काढली. त्यांचं पान, फूल, बी सगळंच हृदयाला घातक. नर्सरीत सायकस हौसेने देत होते, तेही नको म्हटलं. त्याने कुत्र्याचं यकृत जातं. 'ऑफिस टाइम'ची रंगीत फुलं जमीन झाकायला म्हणून सुचवली जातात, पण त्यात ऑक्झलेट असतं, म्हणून ती मी टांगत्या कुंडीत ठेवली.

हिरवळीवर लघवीचे डाग पडतात, ते आमच्याकडेही पडले. निरखून बघितलं तर डाग मजेदार असतो. मध्ये तळहाताएवढं वाळलेलं पिवळं वर्तुळ आणि त्याभोवती बाकीच्यापेक्षा जास्त गर्द हिरवं कडं. लघवीतल्या नत्राने मधलं गवत जळतं आणि कडेला तेच पातळ होऊन खतासारखं लागू पडतं. त्यावर उपाय पाण्याचा. हरणी उठली की त्या जागी लगेच दोन तांबे ओतायचे, म्हणजे सगळंच खत होतं. त्यासाठी हरळीच्या कडेला एक बादली आणि तांब्या कायम असतो. चुना टाका, टोमॅटोचा रस पाजा असले सल्ले मिळाले, ते मी ऐकून सोडून दिले. जे डाग राहतात ते हरळी पावसाळ्यात आपणच भरून काढते.

पावसाळ्यात कष्ट वाढतात ते तणामुळे. सोलापूरकडच्या मोकळ्या जागेत सराटे येतातच. त्याचं रोप जमिनीला चिकटून असतं, पिवळं फूल दिसलं तेव्हाच मुळासकट उपटावं. काटे वाळले की कुत्र्याच्या पंजात रुततात आणि पायाला चिकटून घरभर होतात. कुसळीचं गवतही वाढू द्यायचं नाही. तिचं कुसळ भिजलं-वाळलं की पीळ घेत पुढे सरकतं, कानात किंवा बोटांच्या फटीत शिरलं तर आत आत जातं आणि मग डॉक्टरांनाच काढावं लागतं. गाजर गवत फुलायच्या आत काढते, हातमोजे घालून. हरळी दोन बोटांपेक्षा उंच होऊ देत नाही, कारण उंच गवतात गोचिडांना आयतं लपायला मिळतं. पण खरी गोचीड भिंतीच्या आणि ओट्याच्या फटींत अंडी घालते, तेव्हा सगळ्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या. कुत्र्यांचं गोचिडाचं औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वेळेवर चालू आहे. नुसत्या कडुनिंबावर भिस्त ठेवण्याइतका गोचिडांमुळे होणारा आजार साधा नाही.

आता एक पूर्ण उन्हाळा या जमिनीवर गेला आहे. मुरमाच्या पट्ट्यावर हरणी वळते तिथे दोन जागी खळगे पडले, ते चाळलेला मुरूम भरून पुन्हा चोपले. त्यासाठी दोन पोती बाजूला भरून ठेवलेली होतीच. हरळी मेमध्ये अर्धी पिवळी पडली आणि जूनअखेर परत भरली. वाळू दर महिन्याला एकदा उपसून उन्हात पसरावी लागते. ते काम रविवारचं, आणि तेव्हा चौकोनाच्या तळाशी मुरूम वर आलेला आहे का तेही बघायचं. जलपिंपळी धुण्याच्या दगडावर चढायला लागली आहे, तिची कडेची छाटणी गणपतीच्या आधी करायची आहे, कारण छाटलेल्या काड्या पावसात टोचल्या तर लगेच लागतात आणि शेजारच्या घरी त्या हव्या आहेत. त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर आहे आणि झाड एकही नाही. त्यांना मी काड्यांबरोबर करंजाचं एक रोपही देणार आहे.